वाचकांचे प्रश्न : गट अनेक, पण एकत्र गाणे कधी?

प्रश्न : आम्ही सहा जण गेली चार वर्षे वाद्यांच्या साथीशिवाय आजची लोकप्रिय गाणी गातो, स्वरसाथ आणि ताल दोन्ही आम्ही कंठानेच देतो. असे अकापेला गाणारे आणखी काही गट आहेत, परंतु त्यांची आमची गाठ फक्त स्पर्धांत पडते. प्रत्येक गट आपल्या रचना जपून ठेवतो आणि निकाल लागला की निघून जातो. एखादा गट मोडला की त्यातले चांगले गायक गाणेच सोडतात, याचे फार वाईट वाटते. सर्वांना जोडणारी संस्था स्थापन करावी का?

उत्तर : संस्था पुढे अवश्य स्थापन करा, पण सुरुवात तिच्यापासून करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. आज तुम्ही सारे गट एकमेकांना गाणे ऐकवता, एकमेकांबरोबर मात्र गात नाही. ही उणीव कोणत्याही घटनेने किंवा कार्यकारिणीने भरून निघणार नाही.

या बाबतीत बार्बरशॉप या चार आवाजांच्या जुन्या अमेरिकन शैलीकडून फार शिकण्यासारखे आहे. ओवेन कॅश आणि रूपर्ट हॉल यांनी १९३८ मध्ये टल्सा येथे केवळ एकत्र गाण्यासाठी काही जणांना बोलावले, २६ जण आले आणि त्यातून पुढे देशव्यापी संस्था उभी राहिली. त्या मंडळींमध्ये ‘टॅग’ नावाची एक प्रथा आहे. टॅग म्हणजे गाण्याच्या शेवटचा छोटासा तुकडा. त्यात बहुधा एक आवाज एकच स्वर धरून राहतो आणि बाकीचे तीन त्याच्याभोवती स्वरसंगती बदलत नेतात. ज्याला तो येतो तो इतरांना एकेक आवाजाची ओळ गाऊन शिकवतो, आणि ज्यांना एकमेकांची नावेही ठाऊक नाहीत असे चौघे थोड्याच वेळात एक पूर्ण स्वरमेळ उभा करतात. मोठ्या संमेलनांत हे गाणे रंगमंचावर नव्हे, तर जिन्यांत आणि व्हरांड्यांत रात्री उशिरापर्यंत चालते. ओळख वाढवण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

तुम्हीही महिन्यातून एकदा सर्व गटांना बोलवा, मात्र बसताना गटवार बसू नका. खर्जाचे सारे गायक एकीकडे, वरच्या पट्टीचे दुसरीकडे, तोंडाने ताल देणारे तिसरीकडे असे बसा आणि मिनिटभराची एकच रचना सर्वांनी मिळून शिका. यामागे स्वराचेही एक कारण आहे. वाद्याचा आधार नसताना गायक शुद्ध स्वरमेळाकडे आपोआप ओढले जातात. षड्जाशी कंपनसंख्येच्या ५:४ या गुणोत्तरात जुळणारा गंधार पियानोवरच्या गंधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे १४ शतांशांनी उतरलेला असतो. ही जागा कोणी एकटा ठरवू शकत नाही, शेजारच्याचा आवाज ऐकतच ती सापडते. परक्या गटातल्या गायकाबरोबर ती सापडली, की त्याच्याविषयीचा दुरावा बराच कमी होतो.

रचना लपवण्याची सवयही याच बैठकींत सुटेल. सहा जणांच्या आवाजांना बेतून केलेली रचना दुसऱ्या गटाच्या हाती गेली, तरी ती तशीच्या तशी वाजत नाही. त्यांचा खर्ज वेगळा आणि त्यांचा मुख्य गायकही वेगळा असतो. म्हणून प्रत्येक गटाने निदान एक रचना सर्वांसाठी खुली करावी, रचनाकाराचे नाव मात्र तिच्यावर न चुकता असावे, आणि मूळ गाण्याच्या हक्कांची परवानगी आधीच घ्यावी.

स्पर्धा बंद करा, असे मी म्हणणार नाही. डीक शॅरन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत समकालीन अकापेला गायकांची संस्था उभी केली आणि १९९६ मध्ये अ‍ॅडम फार्ब यांच्यासह महाविद्यालयीन गटांची स्पर्धाही सुरू केली. त्यामुळे दूरदूरचे गट एकमेकांना ऐकू लागले. तुमच्या स्पर्धेच्या दिवशी निकालाआधी सर्व गटांनी मिळून एक गाणे गावे, एवढी अट तेवढी घालून घ्या.

गट मोडलेल्या गायकांची चिंता मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०११ मध्ये ‘द सिंग-ऑफ’ ही दूरचित्रवाणीवरील स्पर्धा जिंकणाऱ्या पेंटाटोनिक्स या अकापेला गटाची जुळणी याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिघे शाळेपासूनचे मित्र होते. त्यांना खर्जाचा गायक हवा होता, आणि अव्ही कॅप्लन हे नाव त्या तिघांपैकी स्कॉट होयिंगला विद्यापीठातल्या अकापेला वर्तुळातील ओळखीतूनच मिळाले. गायकाला नवा गट मिळतो तो असा, कोणीतरी त्याचा आवाज आधी ऐकलेला असतो म्हणून. तेव्हा तुमच्या बैठकीत गट नसलेल्यांना पाहुणे म्हणून नव्हे, तर बरोबरीचे गायक म्हणून जागा द्या.

दार कोणाला बंद राहते, याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष असू द्या. वर सांगितलेल्या बार्बरशॉप संस्थेने कृष्णवर्णीयांना १९६३ पर्यंत सदस्यत्व नाकारले, आणि ते अशा शैलीत, जिच्या घडणीत कृष्णवर्णीय गायकांचाच मोठा वाटा होता. स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व मिळायला तर २०१८ उजाडले. इतक्या प्रेमाने गाणाऱ्या माणसांच्या हातूनही हा अन्याय घडला, हे मला आजही अस्वस्थ करते.

प्रश्न : मला स्वरलिपी वाचता येत नाही. अशा बैठकीत मी जावे का?

उत्तर : निःसंकोच जा. टॅग मुळी कानानेच शिकवले जातात. आपल्या आवाजाची ओळ फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या, ती पाठ झाल्यावर तीच ओळ गाणाऱ्या एखाद्या जाणत्या गायकाशेजारी उभे राहा आणि पहिल्या दिवशी थोडे हळू गा, म्हणजे त्याचा आवाज तुम्हाला ऐकू येईल.