मागचा पाय आधी

प्रिय,

तुझा मेसेज तीनदा वाचला. शिंगयीचे सात महिने झाले, आता शनिवारी ताय-ची आणि रविवारी बागुआ या आणखी दोन चिनी युद्धकला लावू का, असं विचारतोस. लावू नकोस. मागचा पाय रुजल्याशिवाय पुढचा उचलायचा नाही.

या तिन्ही कला शिकलेले उस्ताद सुन लूथांग यांचा दाखला तू दिलास ते बरं झालं. त्यांचं नाव सगळे घेतात, क्रम कुणी सांगत नाही. 1860 चा जन्म. आधी शिंगयी, तीही कुओ युनशेनसारख्यांच्या हाताखाली. ती मुरल्यावर बीजिंगला चंग थिंगह्वांकडे बागुआ. हाओ वेइचन यांच्याकडे ताय-ची शिकले तेव्हा पन्नाशी गाठली होती. आणि तुला तिन्ही एकाच वीकेंडला हव्यात!

माझं ऐक. शांघायच्या फूशिंग पार्कात सकाळी सहाला शिफू, म्हणजे माझे गुरू, मला सान-तीत, शिंगयीच्या मूळ पवित्र्यात, उभं करायचे. वजन बहुतेक मागच्या पायावर, एक हात पुढे, बस्स. दहा मिनिटांत मांडी थरथरायची. ते खांद्यावर एक बोट ठेवत, खांदा उतरे. बोट उचललं की पुन्हा वर. अकरा महिने हेच. मग कंटाळून पलीकडच्या झाडाखाली बागुआवाल्यांत शिरलो. तिथे गोल चालताना पाऊल आत वळवतात, त्याला कोउबू म्हणतात. ते वळण खुब्यातून यावं लागतं. माझा खुबा मोकळाच झाला नव्हता, म्हणून मी गुडघा पिळला. आज जिना उतरतो तो डाव्या गुडघ्याला विचारून.

तू म्हणशील, काका, घाई तुम्हीच केलीत. केली. पण कंपनीने तीनच वर्षांसाठी पाठवलं होतं रे, आणि मी अकरा महिने तरी थांबलो, तू सातव्यातच चुळबुळतोयस. असो.

मिसळायला माझी ना नाही. त्याच शांघायात 1910 मध्ये चिंगवू ही युद्धकलेची संस्था निघाली, अनेक शैली एका छपराखाली. पण तिथेही आधी सगळ्यांना त्याच दहा पायाभूत कवायती, आवडीची शैली नंतर. मागचा पाय, बाबा, मागचा पाय!

उद्या सान-तीत उभा राहा आणि तुझ्या शिफूंना खांद्यावर बोट ठेवायला सांग. बोट उचलल्यावरही खांदा खालीच राहिला, तर मला फोन कर. पार्कातल्या ताय-चीवाल्या आजोबांशी तुझी गाठ मीच घालून देतो.

तुझा,
काका