वाचकांचे प्रश्न : दुधाच्या दातांनी दिलेली साक्ष

प्रश्न : माझी मुलगी मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा तोंडावर आलीय आणि ही मैत्रिणींना जमवून अण्वस्त्रांच्या विरोधात पोस्टरं रंगवत बसते. डॉक्टरने पेशंट तपासावेत, बॉम्बचं बघायला सरकारं आहेत ना? तिला काय सांगू?

उत्तर : ताई, परीक्षेचं तिला जरूर सुनवा, तिथे मी तुमच्याच बाजूने आहे. पोस्टरांच्या बाबतीत मात्र तिची बाजू घेणार. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमाच्या रेड क्रॉस हॉस्पिटलात काय झालं बघा. ६०० खाटांचं हॉस्पिटल आणि तिथल्या डॉक्टरांपैकी अंगाला ओरखडा न आलेला एकच उरला, डॉ. तेरुफुमी सासाकी, वय २५. त्याचाही चष्मा स्फोटात गेला होता, म्हणून त्याने एका जखमी नर्सच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून स्वतः लावला आणि त्या भलत्याच नंबरच्या काचांतून बघत जो पुढे येईल त्याला पट्टी बांधत सुटला, तीन दिवसांत झोप काय ती तासभर. शहरातले बहुतेक डॉक्टर आणि नर्स पहिल्याच फटक्यात मेलेले नाहीतर जखमी, मग उपचार करायचे कुणी आणि कशाने? भाजलेला एक पेशंट नीट बरा करायला किती माणसं, किती सलाईन, किती आठवडे लागतात ते तुमची मुलगी वॉर्डात रोज बघत असेल, आता असे हजारो एका सकाळी. ज्याच्यावर इलाज नाही ते होऊच द्यायचं नाही, हे आम्हाला पोलिओपासून रेबीजपर्यंत सगळीकडे शिकवलंय, बॉम्ब आला की तेच राजकारण कसं काय होतं हे मला कधी कळलेलं नाही.

आणि यातलं बरंचसं काम पोस्टरापेक्षा कंटाळवाणं असतं हेही तिला सांगा. अमेरिकेत सेंट लुईसला १९५८ च्या शेवटी डॉ. लुईस राइस आणि त्यांच्या सोबतच्यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला घेतले. तेव्हा बॉम्बच्या चाचण्या उघड्या हवेत व्हायच्या, त्यातलं स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य पावसाबरोबर गवतावर, गवतातून गायीत, गायीच्या दुधातून पोरांच्या पोटात. शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं त्यामुळे हाडात आणि दातात जाऊन बसतं, आणि निम्मं व्हायला २९ एक वर्षं घेतं. आया फॉर्म भरायच्या, मूल कधी जन्मलं, गरोदरपणी कुठे राहत होता, बाळाला दूध कुठलं दिलं, सोबत पाकिटात तो एवढासा दात. मुलाला बदल्यात बिल्ला, 'मी माझा दात विज्ञानाला दिला'. असे ३ लाखांवर दात जमले! १९५० च्या आगेमागे जन्मलेल्या मुलांच्या दातांपेक्षा नंतरच्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम कितीतरी पट जास्त निघालं. १९६३ मध्ये हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या चाचण्या थांबवणारा करार झाला तो एकट्या दातांमुळे असं मी म्हणणार नाही, आदल्याच वर्षी क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया या दोन्ही महासत्तांचे हातपाय गार पडले होते. पण कुठल्याही आईला मेगाटन समजावत बसण्यापेक्षा पोराचा दात लवकर समजतो हे खरं.

प्रश्न : १९८५ चं शांततेचं नोबेल अणुयुद्धाविरोधी डॉक्टरांच्या ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेला (आयपीपीएनडब्ल्यू) मिळालं तिचा रशियन अध्यक्ष तर सरकारी माणूस होता म्हणे. मग हा सगळा देखावाच नाही का?

उत्तर : सरकारी होताच. येवगेनी चाझोव्ह म्हणजे सोव्हिएत नेते ब्रेझनेव्हचे डॉक्टर, आणि १९७३ मध्ये सरकारवर टीका करणारे शास्त्रज्ञ साखारोव्ह यांच्या विरोधातल्या पत्रावर त्यांची सही होती, त्यावरून नोबेलच्या वेळी भरपूर बोंबाबोंब झाली आणि ती चुकीची नव्हती. पण दुसऱ्या बाजूने विचार करा, १९८० मध्ये अमेरिकेचे डॉ. बर्नार्ड लाउन यांना ही संघटना काढताना पलीकडचा असा माणूस हवा होता ज्याचं क्रेमलिनमध्ये कुणी ऐकेल, तो स्वच्छ कोऱ्या पाटीचा कुठून मिळणार? दोघेही हार्टवाले, आधीपासून ओळख, त्यामुळे क्षेपणास्त्रं मोजायच्या भानगडीत न पडता त्यांनी एवढंच धरून ठेवलं की अणुयुद्धानंतर डॉक्टरच्या हातात काही उरत नाही.

ऑस्लोला पत्रकार परिषदेत त्यांच्यावर याच प्रश्नांचा भडिमार चालू होता आणि तेवढ्यात एक सोव्हिएत पत्रकार धाडकन कोसळला, हार्ट बंद. लाउन म्हणजे हार्टला शॉक देणारं डीसी मशीन ज्यांनी आणलं तेच, ते आणि चाझोव्ह दोघेही उठले आणि तिथेच जमिनीवर त्याची छाती दाबायला लागले. माणूस वाचला. साखारोव्हचा प्रश्न त्याने सुटला नाही अर्थात, चाझोव्हची ती सही तशीच राहिली.

याच संघटनेने २००७ मध्ये अण्वस्त्रं संपवण्यासाठी 'आयकॅन' ही मोहीम सुरू केली, तिला २०१७ चं नोबेल. त्याच वर्षी अण्वस्त्रबंदीचा करार १२२ देशांच्या मतांनी संमत झाला, २०२१ पासून लागू आहे. अण्वस्त्रं असलेल्या एकाही देशाने सही केलेली नाही, म्हणजे ज्याला पथ्य पाळायचं तोच ओपीडीत फिरकत नाही अशी गत.

प्रश्न : डॉक्टरांच्या या संघटना आता प्रदूषण, हवामान सगळ्यातच पडतात. एक ना धड असं नाही का होत?

उत्तर : थोडं होतं, मान्य. पण पद्धत तीच आहे हो. बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये पुन्हा दुधाचे दातच घेतले, यावेळी शिशासाठी. ज्यांच्या दातांत शिसं जास्त ती मुलं बुद्धीच्या चाचणीत मागे पडत होती, एरवी बघायला ठणठणीत. पुढे शिसे उद्योगाच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांनी त्यांच्यावर संशोधनात गडबड केल्याचा आरोप केला, चौकशी लागली, त्यातून ते सुटले. गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसं जगात पूर्ण बंद व्हायला मात्र २०२१ उजाडलं.

आणि सेंट लुईसचे ते उरलेले दात? २००१ मध्ये सापडले, ८५ हजारांच्या आसपास, तिथल्या विद्यापीठाच्या ताब्यातल्या जुन्या दारूगोळ्याच्या कोठारात, खोक्यांत भरून कार्डांसकट. आता हार्वर्डचे लोक त्यांच्यात शिसं आणि बाकीचे धातू मोजतायत, आणि ज्यांचे ते दात त्या साठी-सत्तरीतल्या 'मुलांना' शोधून त्यांची स्मरणशक्ती तपासतायत.