नाशिकहून समृद्धी महामार्गावर नेमकं कुठून चढावं?

इंदिरानगरला नुकतेच राहायला आलात, नाताळच्या सुट्टीत आई-वडिलांना घेऊन वेरूळ, सिंदखेडराजा, लोणार करत नागपूर गाठायचंय, आणि मॅप कधी गोंदे दाखवतो तर कधी इगतपुरी, असा तुमचा प्रश्न आहे.

मॅपचा फार दोष नाही. समृद्धी नाशिक जिल्ह्यातून जातो, पण नाशिक शहराला शिवतसुद्धा नाही. शहराच्या दक्षिणेकडून, सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून निघून जातो. जिल्ह्यात चढायला-उतरायला गोंदे, भरवीर आणि इगतपुरी हे इंटरचेंज आहेत. घरापासून जवळ कोणता हे बघत बसू नका, जायचं कुठल्या बाजूला ते बघा. नागपूरकडे जायचं तर गोंदे.

मात्र गोंदे दोन आहेत, आणि घोळ तिथेच होतो. एक इगतपुरी तालुक्यातलं गोंदे दुमाला, मुंबई-आग्रा महामार्गावर, वाडीवऱ्ह्याच्या बाजूचं, कारखान्यांचं. दुसरं सिन्नर तालुक्यातलं, नाशिक-पुणे महामार्गावर. समृद्धीचं गोंदे ते हे दुसरं. नुसतं ‘गोंदे’ टाकून निघालेले पाहुणे भलतीकडूनच फोन करतात, हा आमच्याकडचा नेहमीचा विनोद आहे. तुम्ही नाशिकरोड, शिंद्याचा टोलनाका, मोहदरी घाट, सिन्नरचा बायपास असे जा. नांदूर शिंगोटेच्या अलीकडे गोंद्याला वर चढायचा रस्ता मिळेल. डिझेल-पेट्रोल सिन्नरलाच भरून घ्या आणि टायरची हवा तिथेच बघा. वर ताशी १२० ची मर्यादा आहे आणि रस्ता सरळसोट, त्यामुळे झिजलेला टायर तिथे दगा देतो.

चढताना नागपूर आणि मुंबई अशा दोन वाटा फुटतात. चुकलात तर मागे वळायची सोय नाही, पुढच्या इंटरचेंजलाच उतरावं लागतं. खूण सोपी आहे. या रस्त्याचे किलोमीटर नागपूरहून मोजलेत. शिर्डीपाशी ५२०, भरवीरला ६००, इगतपुरीला ६२५ आणि शेवटी भिवंडीजवळच्या आमण्याला ७०१. कडेच्या पाट्यांवरचा आकडा उतरत असेल तर नागपूरकडे चाललात, चढत असेल तर मुंबईकडे.

आता तुमची ठिकाणं. शिर्डी वाटेत घ्यायचा मोह होईल, पण नाशिकहून शिर्डीला समृद्धीने जाणं मला पटत नाही. शिर्डीचा इंटरचेंज कोपरगावजवळ कोकमठाणला आहे, म्हणजे टोल भरून पुढे जायचं आणि पुन्हा मागे यायचं. सिन्नर-शिर्डी रस्ता वावीवरून सरळ जातो, तोच बरा. दर्शन घेऊन पुढे कोकमठाणला चढलात तर मात्र सोयीचं पडेल.

वेरूळसाठी माळीवाडा. खाली उतरलात की दौलताबादचा किल्ला समोरच, पुढे खुलताबाद, मग वेरूळ. सावंगीचा फलक दिसला तर समजा पुढे आलात. तो अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उतरवतो. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, तो वार टाळा. आई-वडिलांना दौलताबादच्या पायऱ्या चढवू नका, खालून बघितला तरी किल्ला कळतो. कैलास लेण्यासाठी मात्र भरपूर वेळ ठेवा, आणि घृष्णेश्वर तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

जालन्याच्या पुढे खरी गंमत आहे. सगळे सिंदखेडराजाला उतरतात, लखुजी जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान बघतात आणि परत वर येऊन मेहकरला पुन्हा उतरतात. त्याची गरज नाही. सिंदखेडराजाहून जुना रस्ता दुसरबीड, बीबी, सुलतानपूर असा मेहकरला जातो आणि सुलतानपूरहूनच लोणारला वळता येतं. म्हणजे एकदा उतरायचं, खालच्या रस्त्याने दोन्ही करायचं आणि मेहकरला समृद्धीवर चढायचं. लोणारचं विवर काठावरून बघितलं तरी डोळ्यांत मावत नाही, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. खाली उतरण जरा कठीण, तिथे तुम्ही एकटेच जा. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ मात्र सगळ्यांना दाखवा. मेहकरला शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली मूर्ती आहे, चढण्याआधी थांबण्यासारखी. १२ जानेवारीच्या आसपास सिंदखेडराजाला जिजाऊ जयंतीची तोबा गर्दी असते, तुम्ही नाताळात जाताय म्हणून सुटलात.

मेहकरनंतर वाशीम, अमरावती जिल्हे झरझर मागे पडतात. कारंजा लाडला नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी जाणारे उतरतात. वर्ध्याला येळाकेळीला उतरलात तर सेवाग्राम आणि धाम नदीकाठचं पवनार होतं. नागपूरला रस्ता शहरात घुसत नाही, बाहेर शिवमडक्याला संपतो.

टोल उतरताना कापला जातो, जेवढं अंतर तेवढाच. त्यामुळे मध्ये उतरल्याने काही जादा लागत नाही. मोटारीला किलोमीटरमागे दोन रुपयांच्या आसपास धरा, गोंदे ते नागपूर हजाराच्या वर जातं. फास्टॅगमध्ये तेवढे पैसे आधीच टाका. दुचाकीला वर बंदी आहे, मागून बुलेटवर येणारा भाऊ असेल तर त्याला आत्ताच सांगा.

मॅप इगतपुरी दाखवत होता ते मुंबईच्या वाटेसाठी ठीक आहे. ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. आग्रा महामार्गाने इगतपुरीपर्यंत जाऊन तिथे चढलात तर सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा लागतो आणि कसारा घाट चुकतो. पुढे शहापूर-आसनगावची कोंडीही टळते. आमण्याच्या पुढची कोंडी आहे तिथेच आहे. भरवीर हा घोटी-सिन्नर रस्त्याच्या बाजूचा, म्हणून देवळाली कॅम्प, भगूरची मंडळी पांढुर्लीवरून तिकडे जातात. सर्वतीर्थ टाकेदला जायचं असेल तर मुंबईकडून येणाऱ्यांनीही तिथेच उतरावं.