१४ पूर्ण झाली म्हणजे कुठलंही काम चालतं का?

गेल्या अंकात घरकामाला आणि दुकानात लहान मुलं ठेवण्याबद्दल लिहिलं होतं, १४ वर्षांखालच्या मुलाला कुठेही नोकरीवर ठेवता येत नाही एवढाच त्याचा मुद्दा होता. त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातल्या बऱ्याच जणांचा समज असा दिसला की पोरगं १४ चं झालं, आठवी पास झालं, आता लावा कुठेही. तसं नाहीये. २०१६ साली बालकामगार कायदा बदलला, त्याचं नावच आता बाल व किशोरवयीन कामगार कायदा झालंय, आणि त्यात १४ ते १८ वयाचा एक वेगळा गट आहे. या गटातल्या मुलांना काम करता येतं पण धोक्याचं काम नाही, तिथे रेषा १८ ची आहे. धोक्याची कामं कुठली याची यादी कायद्याला जोडलेली आहे, २०१७ मध्ये ती बरीच वाढवली. पत्रं खूप होती, जागा कमी, म्हणून ज्यात सगळ्यांच्या कामाचं काही आहे ती घेतलीत.

वकीलताई, आम्ही घरीच विड्या वळतो, कारखान्यातून पानं-तंबाखू आणायची आणि वळून द्यायच्या. माझी मुलगी १५ वर्षांची, दहावीची परीक्षा झालीय, सुट्टीत मला हात लावते. घरच्या घरी आहे, त्यात काय चुकीचं? (सोलापूर)

ताई, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलं कारण घरोघरी हे चालतं आणि कुणालाच ते धोक्याचं वाटत नाही. विडी वळणं, तंबाखू हाताळणं, त्यावर कुठलीही प्रक्रिया करणं हे सगळं त्या यादीत आहे, म्हणजे १८ च्या आतल्या मुलीनं ते करायचं नाही. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करायची सवलत कायद्यात आहे पण ती सुद्धा धोक्याच्या कामाला लागू होत नाही, घर असो की कारखाना.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी बघा, तंबाखूतलं निकोटीन कातडीतून अंगात जातं, बारीक धूळ दिवसभर श्वासातून जाते, तासन्‌तास मान खाली घालून बसायचं. तुमची स्वतःची पाठ, तुमचा खोकला तुम्हाला माहितीच आहे, मी वेगळं काय सांगू. हजार विड्यांमागे जे मिळतं त्यात मुलीच्या हातानं थोडी भर पडते हे मला कळतं, पण सुट्टीत तिला दुसरं काही शिकू द्या, शिवण, कॉम्प्युटर, काहीही. तुमच्यावर लगेच केस होईल अशी भीती बाळगू नका, आईवडिलांना पहिल्या वेळी शिक्षा नाही असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. आणि तुमच्याकडे विडी कामगार ओळखपत्र असेल तर मुलीच्या शिष्यवृत्तीची चौकशी नक्की करा, कामगार कल्याण विभागाकडून ती मिळते.

दिवाळीत फटाक्यांचा स्टॉल लावतो, लायसन घेऊन, सगळं रीतसर. मदतीला कॉलनीतली ११वी-१२वीची पोरं घेतो, आठ-दहा दिवसांचं काम, पोरांनाही चार पैसे मिळतात. कुणीतरी म्हणालं हे बेकायदा आहे. खरं का? (जळगाव)

खरं आहे. लोकांना वाटतं बंदी फक्त फटाके बनवण्यावर आहे, तामिळनाडूतल्या शिवकाशीचं नाव ऐकलेलं असतं म्हणून. पण यादीत फटाक्यांचं उत्पादन, साठवण आणि विक्री असे तिन्ही शब्द आहेत. तुमचं लायसन स्टॉलचं आहे, त्यानं १७ वर्षांच्या पोराला काउंटरवर उभं करायची परवानगी मिळत नाही.

शिवकाशीवरून आठवलं म्हणून सांगते, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं एम. सी. मेहता यांच्या केसमध्ये निकाल दिला, धोक्याच्या कामाला लावलेल्या प्रत्येक मुलामागे मालकानं २० हजार रुपये भरायचे असं सांगितलं. ती केस शिवकाशीच्या फटाके आणि काडेपेटीच्या कारखान्यांवरूनच सुरू झाली होती. आजच्या कायद्यात धोक्याच्या कामावर अल्पवयीन मुलगा ठेवला तर ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही, आणि हा दखलपात्र गुन्हा आहे म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. दादा, स्टॉलला आग लागली की पळायला सेकंद मिळतात, आणि त्या वयाची मुलं पळायच्या ऐवजी गल्ला नाहीतर माल वाचवायला बघतात. कॉलेज संपलेली, १८ पूर्ण केलेली मुलं घ्या ना.

माझा भाचा १६ वर्षांचा, दहावीनंतर शिकायचं नाही म्हणतो. माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, त्याला माझ्याकडेच कामाला घ्यावं म्हणतो, हळूहळू वेल्डिंग शिकेल. मामाच आहे मी, घरचाच माणूस, चालेल का? (चाकण)

मामा, तुमची इच्छा चांगली आहे यात शंका नाही, मुलगा रस्त्यावर फिरण्यापेक्षा हाताला कला येईल हा विचार बरोबरच. कायद्यात कुटुंब म्हणून मामा धरलेला सुद्धा आहे, आईवडील, भाऊबहीण, काका-आत्या, मामा-मावशी सगळे आहेत. पण ती कुटुंबाची सवलत १४ च्या आतल्या मुलांच्या हलक्या मदतीसाठी आहे, धोक्याच्या कामासाठी कुणाचंच नातं चालत नाही. ज्वालाग्राही पदार्थ वापरून होणारं वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंग, पॉलिश, इलेक्ट्रोप्लेटिंग यादीत आहे, आणि तुमच्याकडे गॅस कटिंगची सिलिंडरं असतीलच.

दुसरं म्हणजे तुमच्या भागात ऑटो पार्टच्या छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर कामगारांची बोटं जातात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. अनुभवी माणसाची जातात तिथे १६ वर्षांचं पोरगं, ज्याला घाई असते, आपण घाबरत नाही हे दाखवायचं असतं, ज्याला मशीन बंद कर म्हणायची हिंमत होत नाही, त्याचं काय होईल.

रस्ता आहे की. आयटीआयला दहावीनंतर वेल्डर ट्रेड घेता येतो, तिथे शिकणं हे शिक्षण आहे, नोकरी नाही, गॉगल-ग्लोव्ह्ज घालून शिक्षकासमोर शिकायचं. अप्रेंटिसशिपचा कायदा वेगळा आहे, तिथे साधारण १४ पासून चालतं पण धोकादायक उद्योगातल्या ट्रेडला किमान वय १८ च. म्हणजे आता आयटीआयला घाला, कोर्स संपला आणि १८ पूर्ण झाली की मग तुमच्या वर्कशॉपला घ्या, सर्टिफिकेटवाला वेल्डर मिळेल तुम्हाला. तोपर्यंत यायचंच म्हणत असेल तर शॉप फ्लोअरवर नाही, ऑफिसात बसून बिलं, स्टॉकची नोंद वगैरे, आणि ते सुद्धा वेळेच्या नियमात. वेळेचे नियम शेवटच्या उत्तरात सांगितलेत.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीनंतर आमच्या वाडीतली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलं पण जातात, मे महिन्यापर्यंत वर्ग अर्धा रिकामा. तक्रार केली तर आईबापांनाच त्रास होईल असं वाटतं म्हणून गप्प बसते. काय करावं? (रायगड)

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गप्प बसण्याचं कारण तुम्ही जे दिलंय ते फार लोकांचं असतं आणि ते मालकाच्या सोयीचं पडतं, म्हणून याचं उत्तर नीट देते.

आधी कायदा. वीटभट्टी आणि दगडखाण दोन्ही धोक्याच्या यादीत आहेत. त्यामुळे १८ च्या आतल्या कुणालाच तिथे कामाला लावता येत नाही, आणि ‘मुलं फक्त आईबापांना मदत करतात’ हे मालकाचं नेहमीचं वाक्य इथे टिकत नाही, एक तर धोक्याच्या कामात मदतीची सवलतच नाही, आणि दुसरं, भट्टी काही त्या कुटुंबाच्या मालकीची नसते. कोयत्यावर गेलेल्या कुटुंबांचंही तेच, ऊसतोड ही मुकादमाची आणि कारखान्याची, घरचा धंदा नाही, म्हणून दहा वर्षांच्या मुलीनं मोळ्या बांधणं घरच्या मदतीत बसत नाही.

आईबापांना काय होतं? पहिल्या वेळी काही नाही. पुन्हा तेच घडलं तर जास्तीत जास्त १० हजार दंड, कैद नाही. कैद मालकाला आहे. आणि मालकाकडून जो दंड वसूल होतो तो सरकारच्या तिजोरीत जिरत नाही, मुलांसाठीच्या पुनर्वसन निधीत जातो, त्यात सरकार प्रत्येक मुलामागे १५ हजार घालतं, ती रक्कम व्याजासकट त्या मुलाची. हे पालकांना कुणी सांगतच नाही हो.

पण खरी गाठ उचलीची आहे. पावसाळ्यात घरात काही नसतं तेव्हा भट्टीवाला उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो आणि मग सीझनभर अख्खं कुटुंब विटा थापून ती फेडतं, जितके हात जास्त तितक्या विटा जास्त, म्हणून पोरं थापायला, पलटायला, वाहायला लागतात. उचल फिटल्याशिवाय जाऊ देत नसतील तर ती वेठबिगारी आहे, १९७६ च्या कायद्यानं ती पूर्ण बंद आहे आणि असं कर्ज फेडायचं बंधनच उरत नाही. शिवाय १८ खालच्या मुलाला वेठीला धरलं किंवा त्याची मजुरी दाबली तर बाल न्याय कायद्याचं कलम ७९ लागतं, ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख दंड. तक्रारीत ‘उचल’ हा शब्द जरूर लिहा, त्यानं केसचं वजन बदलतं.

तुम्ही काय करायचं. तक्रार कुणीही करू शकतं, तुम्ही शिक्षिका म्हणून तर नक्कीच, कामगार विभागाच्या इन्स्पेक्टरकडे, पोलिसात किंवा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर, हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, नाव गुप्त ठेवा असं स्पष्ट सांगा. मूल सलग ३० दिवस न कळवता गैरहजर असेल तर मुख्याध्यापकांनी नोडल अधिकाऱ्याला (या कायद्यासाठी जिल्ह्यात नेमलेला अधिकारी) कळवायचं असा नियमच आहे, म्हणजे हे तुमचं वैयक्तिक धाडस राहत नाही, शाळेचं काम होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं काम ऑक्टोबरमध्येच करा, कुटुंबं जायच्या आधी. हंगामी वसतिगृहासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे यादी द्या म्हणजे मुलं आजी-आजोबांजवळ गावातच राहतील, जी जाणारच त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्यांना लगेच बसता येईल, कागदपत्रांसाठी कुणी अडवू शकत नाही. भट्टीवरची धूळ आणि धूर फुप्फुसात बसतात, वाढत्या हाडांवर ओझं पडतं, हे नुकसान दहा-पंधरा वर्षांनी दिसतं आणि तेव्हा तो भट्टीवाला विचारायला येत नाही.

कापसाच्या फवारणीला मजूर मिळत नाही. मुलगा १७ चा आहे, अंगानं माझ्यापेक्षा दांडगा, तो पंप घेतो म्हणतो. घरचं शेत आहे. (यवतमाळ)

काका, तुमच्या जिल्ह्याला मी हे सांगायला नको. २०१७ च्या फवारणीत यवतमाळमध्ये २० च्या वर शेतकरी आणि मजूर गेले, त्यात चांगले धट्टेकट्टे होते. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, औषध अंगावर आणि तोंडावर, उकाड्यामुळे घाम, भिजलेल्या कपड्यातून विष आत. तुमच्या स्वतःच्या शेतात इन्स्पेक्टर येतो का हा प्रश्न बाजूला ठेवा, दांडगेपणावर विषाचं काही ठरत नाही. पंप पाठीवर घेण्याइतकंच औषध कालवणं सुद्धा वाईट, तेव्हा ते घट्ट असतं, म्हणून ‘नुसतं मिसळून दे’ हे पण मुलाला सांगू नका. डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण, म्हणजे जास्त विषारी असल्याची खूण, असेल तर मुलांनी त्या दिवशी शेतात थांबूच नये. कुणालाही मळमळलं, डोळ्यापुढं अंधारी आली, लाळ गळायला लागली तर कपडे काढून साबणानं अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊनच दवाखान्यात जा, डॉक्टरला त्यावरून कळतं काय द्यायचं ते.

ठेकेदार म्हणतो आधारवर १८ दिसतंय म्हणजे झालं. आमच्या साइटवरची दोन पोरं १५-१६ चीच वाटतात. (पनवेल)

आधार हे ओळखीचं कार्ड आहे, जन्मतारखेचा पक्का पुरावा नाही, कितीतरी जणांच्या आधारवर १ जानेवारी टाकलेली असते. बाल न्याय कायद्यात वय ठरवताना शाळेचा दाखला, नाहीतर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला बघतात, दोन्ही नसेल तर डॉक्टरी तपासणी. वयाबद्दल वाद झाला तर इन्स्पेक्टरनं ते वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं, ठेकेदारानं ठरवायचं नसतं. तोपर्यंत पोरांना परांचीवर आणि स्लॅबवर चढवू नका असं मुकादमाला तुम्ही आजच सांगा.

ताई मी १७ चा आहे, १२वीला. मित्र केटरिंगला जातात, रात्रीचे चांगले पैसे मिळतात. मी गेलो तर मला प्रॉब्लेम होईल का मालकाला? (ठाणे)

तुला नाही, मालकाला होईल. वाढपी म्हणून काम करणं धोक्याच्या यादीत नाही, पण जिथे दारू दिली जाते अशी पार्टी, बार, पब हे यादीत आहे, तिथे १८ आधी अजिबात नाही. लग्नाचं, मुंजीचं दुपारचं जेवण असेल तर चालेल. वेळ मात्र बघ, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात तुला कामावर ठेवता येत नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, मग तासभर सुट्टी, आणि सुट्टी धरून दिवसाचे ६ तास, ओव्हरटाइम नाही, आठवड्यात एक दिवस मोकळा. म्हणजे ते रात्रीचे पैसे आत्ता सोडून दे रे. दिवसाचं काम घेशील तिथे मालकाकडे तुझं नाव, जन्मतारीख आणि कामाची वेळ रजिस्टरला लिहिलेली असायला हवी, पहिल्याच दिवशी शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स दे आणि तुझी एन्ट्री झाली का ते बघून घे.