‘स्मॉल कार फॅक्टरी’ म्हणजे छोट्या गाड्यांचा कारखाना की गाड्यांचा छोटा कारखाना? इंग्रजीत विशेषण कोणाचं, हे कसं ओळखायचं?

दोन्ही अर्थ व्याकरणाने बरोबर आहेत, त्यामुळे गोंधळलात यात तुमचं काही चुकलेलं नाही. मराठीत ‘छोट्या’ आणि ‘छोटा’ या रूपांवरूनच विशेषण कोणाचं ते कळतं. इंग्रजी विशेषण लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही, त्याला सामान्यरूपही नाही. तिथे शब्दाची जागा, जोडरेघ आणि बोलताना दिलेला जोर, एवढंच हाताशी असतं.

वाचताना उजवीकडून सुरुवात करा. शेवटचं नाम मुख्य, म्हणजे इथे फॅक्टरी. कसली? कारची. उरलेला ‘स्मॉल’ एकदा नुसत्या ‘कार’ला लावा, एकदा ‘कार फॅक्टरी’ला, आणि दोन्ही अर्थ मराठीत पूर्ण म्हणून बघा. पुष्कळ जण पहिला सुचलेला अर्थ धरून पुढे जातात आणि दोन वाक्यांनंतर अडतात. दोन्ही मनात असले, तर पुढे ‘तिथे फक्त 40 कामगार आहेत’ असं येताच निकाल लागतो.

‘स्मॉल-कार फॅक्टरी’ असं जोडरेघेने छापलं असेल, तर छोट्या गाड्याच. पण जोडरेघ नाही म्हणून उलटा अर्थ धरू नका, लिहिणारे ती सर्रास गाळतात. आकडा आला की मात्र ती बारकाईने बघा. ‘ट्वेंटी फोर-अवर शिफ्ट्स’ म्हणजे चार-चार तासांच्या 20 पाळ्या, एकूण 80 तास. ‘ट्वेंटी-फोर-अवर शिफ्ट्स’ म्हणजे 24-24 तासांच्या पाळ्या, आणि त्या किती हे सांगितलेलंच नाही. यात ‘अवर’ एकवचनीच राहतो. म्हणून ‘फाइव्ह-डेज वर्कशॉप’ चूक, ‘फाइव्ह-डे वर्कशॉप’ बरोबर.

ऐकताना जोर कुठे पडतो ते टिपा. ‘फ्रेंच टीचर’मध्ये जोर ‘फ्रेंच’वर असेल तर फ्रेंच भाषा शिकवणारे शिक्षक, मग ते नाशिकचे का असेनात. ‘टीचर’वरही तितकाच किंवा जास्त जोर असेल तर फ्रान्सचे शिक्षक, विषय कोणताही. ही जोडी मोठ्याने म्हणून सराव करा, कारण आपण मराठी माणसं इंग्रजी बोलताना दोन्ही शब्द बहुधा एकाच जोराने उच्चारतो आणि हा फरक कानावरच येत नाही.

‘मोअर क्वालिफाइड टीचर्स’ इथे मराठीचाही आधार नाही, ‘अधिक पात्र शिक्षक’ तितकंच संदिग्ध आहे. इथे विरुद्ध शब्द घालून बघा. ‘फ्यूअर’ घातल्यावर वाक्याचा विषय तोच राहत असेल, तर बोलणं संख्येचं आहे. ‘लेस’ घातल्यावर राहत असेल, तर पात्रतेचं.

स्वतः लिहिताना कोडं घालूच नका. ‘ओल्ड मेन अँड विमेन’मध्ये बायका म्हाताऱ्या की नाहीत ते कळत नाही. फक्त पुरुष म्हातारे असतील तर क्रम बदलून ‘विमेन अँड ओल्ड मेन’ लिहा. दोघंही म्हातारे असतील तर ‘ओल्ड’ दोनदा लिहा. आणि कारखाना छोटा असेल तर सरळ ‘अ स्मॉल फॅक्टरी दॅट मेक्स कार्स’. दोन शब्द वाढले तरी चालतील.