बुरशीने मऊ पडलेले आंब्याचे लाकूड लेथवर कातण्याआधी घट्ट कसे करावे?

आपल्या परसातील आंब्याचा ओंडका दोन पावसाळे भिजत पडला, त्यात देखण्या काळ्या रेषा उमटल्या, पण पटाशी लावताच तंतू उपटून येतात, तेव्हा त्याला कोणते रेझिन, म्हणजे लाकडात मुरून घट्ट होणारा द्रव, पाजावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते रेझिनची निवड नंतरची. त्या लाकडात जीव किती उरला आहे आणि पाणी किती आहे, हे आधी पाहावे लागते.

त्या काळ्या रेषा म्हणजे शेजारी-शेजारी वाढणाऱ्या बुरशींनी आपापल्या हद्दीवर घातलेले कुंपण असते आणि त्यांच्यामधला पांढुरका भाग बुरशीने लिग्निन खाल्ल्यामुळे पोचट झालेला असतो. अशा भागात अंगठ्याचे नख जोराने रुतवून पाहावे. नुसती खूण उमटली, तर धारदार पटाशी आणि सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रे बुजवणारा लेप, एवढ्यावर काम भागते. नख आत शिरले, तर लाकूड घट्ट करून घ्यावे लागते. मात्र चिमटीत धरताच त्याचा भुगा होत असेल, किंवा ते तपकिरी पडून चौकोनी तुकड्यांत फुटत असेल, तर त्याचा मोह सोडावा. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायचा भाग तर नेहमी निरोगी लाकडाचाच असावा, कारण फिरता वाडगा सुटला की तो तोंडावरच येतो.

ओलावा 20 टक्क्यांच्या खाली गेला की बुरशीची वाढ थांबते, पण रेझिनसाठी तेवढे पुरत नाही. वाडगा आधी ओबडधोबड कातून, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे 20 सेंटिमीटरच्या वाडग्याला 2 सेंटिमीटर ठेवून, सावलीत वाळवावा. मी तळावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहीत जातो. लागोपाठ काही आठवडे वजन हलले नाही, की तो हवेत वाळायचा तेवढा वाळला असे धरतो.

एवढ्या मोठ्या वाडग्यासाठी मी सावकाश घट्ट होणारे पातळ इपॉक्सी सुचवेन. ते ब्रशने मऊ भागावर, विशेषतः जिथे तंतूंची टोके उघडी आहेत तिथे, लाकूड पिणे थांबवेपर्यंत पुन्हा पुन्हा लावावे. ते फार खोल जात नाही, म्हणून शेवटची कातणी अगदी थोडी शिल्लक असतानाच लावावे. पेन किंवा हत्याराच्या मुठीसारख्या लहान तुकड्यांना मात्र उष्णतेने घट्ट होणारे मेथॅक्रिलेट रेझिन आणि व्हॅक्युम पंप यांच्या तोडीचे दुसरे काही नाही. तुकडा वजनाखाली रेझिनमध्ये बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा ओढावी, मग हवा आत सोडून निदान त्याच्या दुप्पट वेळ तो तसाच मुरू द्यावा आणि ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून सुमारे 90 अंश सेल्सिअसला भाजावा. पुण्यासारख्या साधारण 560 मीटर उंचीच्या ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने पंपाच्या मापकाचा काटा पाऱ्याच्या 28 इंचांच्या आसपासच अडतो, तेव्हा पंप बिघडला असे समजू नये.

या पद्धतीत घाईची किंमत मी मोजली आहे. वजन स्थिर झाले एवढ्यावर विसंबून मी आंब्याचे चार तुकडे थेट रेझिनमध्ये टाकले. भाजल्यावर ते बाहेरून दगडासारखे वाजत होते, पण लेथवर गाभा उघडताच आतून चिकट, कच्चे रेझिन माझ्या बाहीवर उडाले. हवेत वाळलेल्या लाकडातही दहा-बारा टक्के पाणी उरते आणि ते रेझिनला घट्ट होऊ देत नाही. तेव्हापासून मी तुकडे आधी 104 अंशांच्या ओव्हनमध्ये चोवीस तास ठेवतो आणि पूर्ण थंड झाल्यावरच बुडवतो. हा ओव्हन स्वयंपाकाचा नसावा.

कातताना एखादीच जागा सोलत असेल, तर तिथे पातळ सायनोॲक्रिलेट गोंद (झटपट चिकटणारा ‘सुपर ग्लू’) सोडावा; पण आधी सगळीकडे सीलरचा हात द्यावा, नाहीतर फिकट लाकडावर गोंदाचे डाग कायम राहतात. हा गोंद सुती चिंधीने कधीही पुसू नये, कारण सुतात तो झपाट्याने तापून धुरावतो. धुळीत बुरशीही असते, म्हणून मास्क लावूनच काम करावे. पॉलिश पेपर बोटांनी न दाबता ठोकळ्यावर गुंडाळून धरावा, नाहीतर मऊ भाग लवकर झिजून काळ्या रेषा उंचवट्यासारख्या हाताला लागतात.