रूस, रशिया आणि आपला एकुलता ‘रशियन’

प्रश्न असा आहे: ‘एका लेखात “कीव्हन रूस” असं वाचलं. रूस म्हणजे रशियाच ना? मग कीव्ह मुळात रशियाचं, असं म्हणायचं का?’

नाही. घोटाळा आपल्या ‘रशियन’ने केलाय. इंग्रजीकडून हा एकच शब्द घेतला आणि तिघांचं काम आपण त्याच्यावर टाकलं.

रशियन भाषेत ‘रूस्की’ म्हणजे वंशाने, भाषेने रशियन. ‘रस्सियानिन’ म्हणजे रशियाचा नागरिक. रशियातल्याच कझान शहराचा, पण वंशाने वेगळा असलेला तातार रस्सियानिन असतो, रूस्की नसतो. रशियाचे अध्यक्ष असताना येल्त्सिन जनतेला ‘रस्सियाने’ (रस्सियानिनचं अनेकवचन) म्हणायचे ते उगाच नाही. युक्रेनियनमध्ये रशियन माणूस ‘रोसियानिन’, आणि ‘रुस्की’ हे विशेषण मात्र जुन्या रूसचं, म्हणजे युक्रेनियनांच्या स्वतःच्याच पूर्वजांचं. पश्चिम युक्रेनमधल्या ल्वीव शहराच्या जुन्या भागात ‘रुस्का’ नावाचा रस्ता आहे. त्याचा ‘रशियन रस्ता’ केलात तर फसलात: मध्ययुगात ती तिथल्या ऑर्थोडॉक्स युक्रेनियनांची वस्ती. ऑस्ट्रियाच्या अमलात तर गॅलिसियातले (ल्वीवच्या आसपासच्या प्रांतातले) युक्रेनियन स्वतःला ‘रुसिन’च म्हणवत.

रूस हे मध्ययुगीन राज्य, गादी कीव्हला. ‘रस्सिया’ हे त्या नावाचं ग्रीक वळणाचं रूप. मॉस्कोने ते उचललं आणि १७२१ मध्ये पहिल्या पीटरने साम्राज्यालाच लावलं.

खरं भांडण त्या रूसचा वारस कोण याचं. युक्रेनियन इतिहासकार मिखाइलो ह्रुशेव्स्कींनी आपल्या ग्रंथाचं (पहिला खंड १८९८) नावच ‘युक्रेन-रूसचा इतिहास’ ठेवलं. उलट जुलै २०२१ मधल्या पुतिन यांच्या लेखाच्या शीर्षकात ‘रूस्की आणि युक्रेनियन यांची ऐतिहासिक एकता’ आहे. तिथे ‘रस्सियाने’ लिहिलं असतं तर ते एका देशाचे नागरिक ठरले असते, आणि एकतेचा दावा तिथेच लंगडा पडला असता.

९८८ मध्ये रूसला ख्रिस्ती धर्म देणाऱ्या राजाचा पुतळा कीव्हमध्ये १८५३ पासून आहे. मॉस्कोत क्रेमलिनशेजारी २०१६ मध्ये उभा राहिला. रशियनमध्ये तो व्लादिमीर, युक्रेनियनमध्ये वोलोदिमिर. व्लादिमीर पुतिन आणि वोलोदिमिर झेलेन्स्की ही नावं आता पुन्हा एकदा वाचा!

तर मध्ययुगीन राज्याला ‘रूस’, आजच्या देशाला ‘रशिया’. हिंदीतून भाषांतर करताना मात्र जपून, तिकडे आजच्या देशालाच ‘रूस’ म्हणतात.